बांधातली देवी

डोंगरकड्याच्या बाजारात भिकाबाई राठोड दिसली की वाणी आपणहून तराजूची दोन्ही पारडी उलटी करून दाखवायचा. नाही दाखवली तर ती बघायला मागायची, आणि दाखवली तर तिला वाटायचं, याला आधीच कसं कळलं आपण मागणार म्हणून? पारडी झाली की वजनं हातात घेऊन जोखायची. मग मीठ चाखायची. मिठात वाळू असते असं तिचं मत होतं, आणि एकदा खरोखरच निघाली होती. त्या एका चिमूटभर वाळूच्या जोरावर बाईनं पुढची कितीतरी वर्षं अख्ख्या बाजाराला धाकात ठेवलं.

पण ती जन्मतःच अशी नव्हती, हेही सांगायला हवं. तांड्याच्या मागे जो माळ आहे, त्याच्या उतारावर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, लखमानं, गायरानाचा एक तुकडा मोडला होता. मोडला म्हणजे काय, तर पोटच्या पोरीला झोळीत बांधून दोघांनी दिवसच्या दिवस दगड वेचले होते. एके वर्षी दोन माणसं आली. हातात टेप, पिशवीत चुना. भिकाबाईच्या दारात बसून चहा प्याली, तुरीची तारीफ केली, माळावर पांढऱ्या रेघा मारल्या आणि गेली. भिकाबाई आणि लखमा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली ती उन्हाळ्यात परतली, तर वरच्या अंगाची निम्मी जमीन खड्ड्यांनी भरलेली. खड्ड्यात सरकारी रोपं, आणि कडेला पाटी. रोपं शेळ्यांनी खाल्ली, पाटी वाऱ्यानं पडली, जमीन मात्र परत आली नाही. लखमा त्यानंतर फार काळ जगला नाही. डॉक्टर म्हणाला कावीळ झाली होती. भिकाबाई आजही म्हणते, त्याला चुन्याच्या रेघेनं मारलं.

उरला तो खालच्या अंगाचा तुकडा. सातबारा नाही, कागद नाही, कोर्टात दाखवायला काही नाही. दरसाल नांगर घातला तर आपला, एक साल चुकला तर कुणाचाही. नीता नावाची एक मुलगी आणि हा तुकडा, एवढाच तिचा प्रपंच होता, आणि दोन्हींवर तिची सारखीच करडी नजर होती.

परभणीतून हिंगोली वेगळी निघाली, नवा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब आणि नवे साहेब म्हणजे नवी मोजणी, असं तांड्यात सगळेच बोलत होते. अशा दिवसांत विजयकुमार नावाचा तरणा माणूस मोटारसायकलवरून माळाखाली उतरला. शेतकीचं शिकलेला, कुठल्याशा संस्थेत नोकरीला. त्यानं तांड्यातली आणि गावातली दहावीत गटांगळ्या खाल्लेली, शाळा सोडलेली पोरं-पोरी जमवली आणि माळावरच वर्ग सुरू केला. फळा नाही, बाकं नाही. पाऊस उतारावरून पळतो कसा, माती सोबत नेतो कशी, आणि ती अडवायची कशी, हे हातात टिकाव-फावडं घेऊन शिकायचं. नीता पहिल्याच दिवशी जाऊन बसली.

भिकाबाईनं चौकशी केली. पहिल्याच फटक्याला कळलं की हा विजयकुमार म्हणजे तातेरावांचा सख्खा भाचा. तातेरावांचं काळंभोर रान बरोबर भिकाबाईच्या तुकड्याच्या पायथ्याशी. झालं! तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. मामाचं रान खाली, भाचा वर येऊन बसला, आणि फुकट शिकवतो म्हणे. फुकट कुणी कुणाला खोकलासुद्धा देत नाही, याबद्दल तिची खात्री होती.

एक दिवस नीता काचेच्या बाटलीत माती आणि पाणी घालून घरी आली. बाटली हलवून ठेवली की जाड वाळू खाली, बारीक गाळ वर, असे थर बसतात आणि मातीचा पोत कळतो, असं ती कौतुकानं सांगत होती. भिकाबाईनं विचारलं, ही माती कुठली? नीता म्हणाली, आपल्याच रानातली. भिकाबाईनं बाटली उचलली, अंगणात उपडी केली आणि बाटली भंगारात टाकली. मातीचा पोत उद्या कागदावर चढणार, कागद साहेबाकडे जाणार, आणि साहेब म्हणणार की जमीन तर चांगली आहे, घ्या काढून! नीता रडली. तांड्यात आईला याडी म्हणतात. याडी, तुला काहीच कळत नाही, असं म्हणून ती शेजारी रूपाबाईच्या घरी जाऊन जेवली.

तरी भिकाबाईनं पोरीला वर्गाला जायची बंदी केली नाही. कारण साधं होतं. आपलं माणूस आत असलं की आतली खबर लागते. ती स्वतः शेळ्या घेऊन वर्गाच्या आसपास घोटाळायची आणि मास्तराचा शब्द न् शब्द ऐकायची. तीन काठ्या बांधून केलेला एक घोडा होता, त्याच्या मधोमध दोरीला दगड लोंबत असे. पोरं तो घोडा उतारावर आडवा चालवत आणि दोरी बरोबर मधल्या खुणेवर आली की घोड्याच्या दोन्ही पायांची जागा एका पातळीत आहे असं समजत. ते सगळं ती समजून घेत होती. तिला शिकवणीत खोट सापडत नव्हती, आणि म्हणूनच तिचा संशय जास्त वाढत होता.

मग तो दिवस आला. पोरांनी घोडा चालवत चालवत भिकाबाईच्या तुकड्यात पाऊल ठेवलं, आणि एका पातळीतल्या जागा जोडत विजयकुमारनं पिशवीतून चुन्याची फक्की काढून रानाच्या मधोमध पांढरी रेघ ओढली.

भिकाबाईच्या पायाखालची जमीनच सरकली. तीच फक्की, तीच पिशवी, तसाच गोड चेहरा. ती काठी घेऊन आडवी गेली. विजयकुमार दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "मावशी, ही मोजणीची रेघ न्हाई. या रेघेवर पोरं बांध घालतील. तुमची माती तुमच्याच रानात राहील."

"माझी माती मी पाहून घेईन," भिकाबाई म्हणाली. "तुमी मामाची पाहा."

नीतानं मध्ये पडून सांगितलं, तांड्याचा नाईक देवला यानंही सांगितलं की बांध घातल्यानं कुणाची जमीन जात नसते. नाईकाचा शब्द मोडायची तांड्यात पद्धत नाही. भिकाबाईनं मान डोलावली आणि घरी आली. तोंडानं हो म्हणणं आणि मनानं हो म्हणणं यांच्यामध्ये तिच्याकडे बरीच मोकळी जागा होती.

तिचं आपलं एक गणित होतं. मोजणीची रेघ सलग असेल तरच मोजणी पक्की. मध्ये तुटली की साहेबाला काही करता येत नाही. कुणी सांगितलं होतं हे? कुणीच नाही. लखमा गेल्यावर रात्रंदिवस विचार करकरून तिनं ते काढलं होतं. आणि रेघ तोडायची कशी, याचा उपाय आमच्या मुलखात लहान लेकरालाही ठाऊक असतो. शेंदूर लागलेल्या दगडाला कुणी हात लावत नाही. रस्ता करणारे मुकादमसुद्धा रस्ता वाकवून नेतात.

बाजारच्या दिवशी तांडा ओस पडला, तशी ती ओढ्यावर गेली. गुळगुळीत, लांबट, बसल्या बाईसारखा दिसेल असा दगड शोधला, पाटीत ठेवला, वर गवत टाकलं आणि डोक्यावर घेऊन माळ चढली. देव्हाऱ्यातली शेंदराची पुडी तेलात कालवून दगडाला चोपडली, आणि चुन्याच्या रेघेवर, बरोबर मधोमध, तो रोवला. हात जोडले, दगडाची माफी मागितली. त्यानंतर ती बाजाराला गेली आणि रोजच्यासारखं वाण्याशी भांडली.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही पडली नाही. दुसऱ्या दिवशी पोरांनीच ओरडत येऊन बातमी आणली की माळावर देवी निघाली. देवला नाईक गेला, त्यानं बघितलं आणि म्हणाला, ही मरीआई. बाया नारळ घेऊन धावल्या. भिकाबाईही गेली, सगळ्यांबरोबर पाया पडली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून मास्तराकडे बघत राहिली.

विजयकुमार बराच वेळ दगडाकडे बघत उभा होता. मग त्यानं भिकाबाईकडे पाहिलं. मग पोरांना म्हणाला की देवीला हात लावायचा नाही, तेवढी जागा सोडून दोन्ही बाजूंनी बांध घाला. भिकाबाईला आतून गुदगुल्या झाल्या. रेघ तुटली होती.

बांध झाला. पोरांनी पायानं तुडवून तुडवून माती बसवली, वर गवताची ठोंबं लावली. मास्तर एकदा मुद्दाम घरी आला आणि म्हणाला, मावशी, बांधाला अडलेलं सगळं पाणी त्या एका खिंडीतून जोरानं निघेल, देवीच्या पायाशी दगड तरी मांडू द्या. भिकाबाईनं ओळखलं की याला देवीला हात लावायचं निमित्त हवं आहे. तिनं चहासुद्धा विचारला नाही. चहा पिऊन गेलेली माणसं तिला पुरेशी झाली होती.

श्रावणात एका दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला. भिकाबाई पोतं डोक्यावर घेऊन रानात धावली आणि तिनं जे पाहिलं ते तिला कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं थोपलेलं होतं, आणि ते सगळंच्या सगळं देवीच्या बाजूनं, त्या एका तोंडातून, खाली कोसळत होतं. देवी हलली नाही; मूळच्या खडकात बसली होती ती. पण तिच्या पायापासून खाली घळ पडत चालली होती आणि मुळासकट तूर वाहून जात होती. भिकाबाई त्या पाण्यात आडवी बसली. अंगानं पाणी अडवायला निघालेल्या बाईला नीतानं आणि रूपाबाईनं दंडाला धरून बाहेर ओढलं.

पाऊस थांबल्यावर ती माती कुठं गेली ते बघायला उतरली. तातेरावांच्या कपाशीत तिची माती पसरलेली होती, तांबूस, ओली. तिला तो तांबूस रंग पोरीच्या चेहऱ्याइतका ओळखीचा होता. तातेराव आपल्या रानाच्या बांधावर उभे होते. ते म्हणाले की दरसाल थोडी थोडी येते, यंदा एकदमच आली. ते हसले नाहीत, हे खरं. पण त्यांना दुःख झालं असंही दिसलं नाही. भिकाबाईच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट शिरली. बांध झाला तर तातेरावांचं नुकसानच होणार होतं. मग भाच्यानं तो का घातला? या प्रश्नाचं उत्तर काढायला तिनं दोन दिवस घेतले, आणि संशयाच्या अंगानं ते काही केल्या निघेना.

कारण डोळ्यांपुढे होतं ते नाकारता येत नव्हतं. जिथं बांध सलग होता तिथं तूर कमरेला लागली होती, मातीत बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत ओल. जिथं तिनं तो तोडला होता तिथं मुरूम उघडा पडला होता. तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं रान कापलं होतं. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला, आणि राग काढायला समोर कुणीच नव्हतं.

आता म्हणाल, मग उचलायचा दगड आणि बुजवायची खिंड. पण दगड आता दगड राहिला नव्हता. रूपाबाईच्या नातवाचा ताप नवसानं उतरला होता. देवलाच्या म्हशीला पारडी झाली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी बाया येत, आणि तुरीतून आडव्या-तिडव्या पाऊलवाटा पडल्या. नारळाच्या करवंट्या, लिंबं, कोंबड्यांची पिसं. मग एके दिवशी देवलानं बैठकीत जाहीर केलं की देवीला ओटा बांधायचा, समोर बायांना बसायला जागा करायची, आणि दरसाल आखाडात बोकड. जागा कुठली? देवीच्या भोवतीची. भिकाबाईच्या जमिनीकडे साहेब आला नाही, तातेराव आले नाहीत, भाचा आला नाही. तिनं ज्याच्यावर कधीच संशय घेतला नव्हता असा एकच जण होता, आणि तो जमीन मागायला आला होता.

ती रात्र तिनं कशी काढली ते विचारू नका. सकाळी नाईकाच्या दारात तांडा पुन्हा जमला तेव्हा ती उठून उभी राहिली. वर्गातली पोरंही होती, आणि बोलावलं म्हणून विजयकुमारही आला होता. 

"देवी निघाली न्हाई," ती म्हणाली. "म्या आणली. वढ्यातून पाटीत घालून आणली, म्याच शेंदूर लावला. मास्तरची रेघ तोडायला."

 मग देवलानं विडी विझवली आणि शांतपणे विचारलं, "भिकाबाई, हे तुला कोण बोलाय लावलं?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. कुणी नाही म्हणाली. पण बाया एकमेकींकडे बघायला लागल्या होत्या. रूपाबाई म्हणाली की काल-परवापर्यंत ही मास्तराला शिव्या घालत होती, आता त्याचा बांध सलग व्हावा म्हणून देवीला खोटं पाडते आहे, म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. कुणीतरी मागून तातेरावांचं नाव घेतलं. तिला पायथ्याला जाऊन तातेरावांशी बोलताना बघितलं होतं म्हणे. भिकाबाई जसजशी शपथा घेऊ लागली, तसतसे चेहरे कठीण होत गेले. ते चेहरे तिच्या चांगल्या ओळखीचे होते. बाजारात वाण्यापुढे ती स्वतः तोच चेहरा करून उभी राहायची.

तेवढ्यात नीता उठली. "याडी खरं बोलून राहिली. म्या पाह्यलं व्हतं. त्या दिशी मी बाजाराला गेले नव्हते."

"तू तं मास्तरच्याच शाळेतली," देवला म्हणाला, आणि विषय संपला. ओटा ठरला. भिकाबाईच्या भल्यासाठी एवढं मात्र झालं की ओटा लहान करायचं ठरलं, आणि विजयकुमारनं शब्द टाकला म्हणून देवीच्या पायाशी पाणी जायला दगडांचा पक्का सांडवा करायला नाईकानं परवानगी दिली. म्हणजे खिंड राहणार, पण घळ वाढणार नाही.

घरी जाताना भिकाबाई पुढे, नीता मागे. तांडा ओलांडल्यावर भिकाबाई थांबली आणि म्हणाली, "पाह्यलं व्हतं तं तवाच काहून न्हाई बोललीस? रान वाचलं असतं."

नीतानं मान खाली घातली. "तू मलाबी न्हाई सांगितलं," ती म्हणाली. "पाटी डोक्यावर घेऊन तू वळून वळून पाहत व्हतीस, कोणी बघतंय का. मी झाडामागं व्हते. मला वाटलं, तुला ज्यांचा भरवसा न्हाई, मीबी त्यातलीच."

 लखमा गेला तेव्हा भिकाबाई रडली होती, जमीन गेली तेव्हा ओरडली होती. आता यातलं काहीच जमेना. पोरीचा हात धरावा असं वाटलं, पण कित्येक वर्षांत धरला नव्हता, त्यामुळे कसा धरायचा ते आठवेना. दोघी तशाच घरी आल्या.

सांडव्याचं काम पोळ्याच्या आसपास निघालं. पोरांनी घळीतून आणि ओढ्यातून दगड आणले. मोठे खाली, लहान सांध्यात, पायऱ्या-पायऱ्यांनी, म्हणजे पाणी उडी न मारता उतरेल. नीता दगड बसवायला सगळ्यांत पुढे होती आणि बाकीच्या पोरांना दटावत होती. भिकाबाई शेळ्या बांधून ठेवून एकटीच माळ चढून आली. तिनं पदर खोचला, एक बरासा दगड उचलला आणि बांधावरून खाली उतरायला लागली. कुणी तिला बोलावलं नव्हतं, पण कुणी नकोही म्हणालं नाही.

वरून रूपाबाईचा आवाज आला. ती ओट्यापाशी पूजेला बसली होती. "भिकाबाई, चपला काढ. देवीची जागा हाय."

भिकाबाई हातात दगड घेऊन थांबली. समोर तिचंच रान होतं, तिनं आणि लखमानं वेचून काढलेलं. पोरं काम थांबवून तिच्याकडे बघत होती. सगळी अनवाणी होती. विजयकुमारही अनवाणीच चिखलात उभा होता. भिकाबाईनं त्याच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. तिच्याशिवाय आणि नीताशिवाय हा दगड काय आहे हे कुणाला माहीत असेल तर ते त्यालाच, आणि तिला त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात कुठंतरी हसू सापडायला हवं होतं. तिनं खूप शोधलं. ते तिथं नव्हतं.

तिनं दगड नीताच्या हातात दिला, वाकली, आणि आपल्याच रानात पायांतल्या चपला काढल्या.